चार नंबरचा वाफा

सदाफुलीची पानं नानसिंग आणतो
फतेगंजच्या आवारातल्या चार नंबरच्या वाफ्यातून,
सकाळी साडेआठला, ओल्या पंचात बांधून.
फुलं वेगळी काढतो,
ती माझ्या टेबलावर, न मागता.
मी पानं धुते, सावलीत वाळवते, दळते,
पाण्यात घालून साठ अंशांवर ठेवते,
मग गाळलेल्या अर्कात थेंबथेंब सोडते
चांदीचं मीठ.

वीस मिनिटं काहीच होत नाही.
नंतर पाणी पिवळसर, आणि मग
बघता बघता
बिनदुधाच्या चहाचा रंग.
तो चांदीचाच. इतकी बारीक झाली की
चांदी चमकायचं विसरते.
यंत्राच्या पडद्यावर एक टेकडी उभी राहते,
बरोबर चारशेवीसवर.
चारशेवीस!
लॅबमधली पोरं दर वेळी हसतात.

माझ्या बोटांची टोकं काळी पडलीत.
आई विचारते, वांगी भाजतेस का गं तिथे?

मार्चमध्ये आम्ही ते पाणी पेशींवर टाकलं.
कुणा परक्या माणसाच्या गाठीतल्या पेशी.
माणूस केव्हाच गेला, त्या अजून
बशीत वाढतायत,
दर तीन दिवसांनी खायला मागतात.
चोवीस तासांत शंभरातल्या बासष्ट मेल्या.
सरांनी मांडवीतून पेढे मागवले.
शेजारच्या बशीत निरोगी पेशी होत्या,
त्यातल्याही मेल्या. एकोणतीस.
हे वहीत आहे.
पोस्टरवर, सर म्हणाले, जागा कमी आहे.

पेढ्यांचं नानसिंगच्या कानावर गेलं असणार.
दुसऱ्या दिवशी पानं ठेवून तो गेला नाही.
चपला दाराबाहेर, हात पंचाला पुसत,
"बेन, आ पाणी रेवलीने अपाय?"

रेवली त्याची बायको.
छोटाउदेपूरकडून आणलीय, मानेत गाठ,
दोन महिने सयाजीच्या वॉर्डात.

मी आधी आकार समजावला.
म्हटलं, एक केस घे, उभा चीर,
हजार भाग कर, त्यातल्या एकाहूनही बारीक
आहेत हे कण.
तो म्हणाला, "एना वाळ तो बधा उतरी गया."

केसाचं उदाहरण मी दहा वर्षं देत आलेय,
शाळाशाळांतून, विज्ञानदिनाला.

मग म्हटलं, नाही नानसिंग, हे द्यायचं नसतं.
बशीत तर मीठही मारतं.
बशीला यकृत नसतं, बशीला ताप येत नाही,
रात्री दोनला उठून
बशी म्हणत नाही, मला घरी न्या.
आधी उंदीर, मग खूप वर्षं, मग कदाचित माणूस,
बहुतेक वेळा तिथवर पोचतच नाही.
"केटलां वरस?"
मी खिडकीतून वाफ्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी त्याच्यासोबत वॉर्डात गेले,
फाइल मागून वाचली.
चार औषधं लिहिलेली. तिसरं
याच झाडातून निघालेलं, साठेक वर्षांपूर्वी,
टनावारी पानांतून चिमूटभर.
तेही विषच, फक्त माप सापडलेलं.
हे मी त्याला सांगितलं, कारण हे खरं होतं.
रेवली झोपली होती, डोक्याला
त्याचाच एक पंचा.
तो बाटलीतल्या थेंबांकडे बघत म्हणाला,
"आपणा क्यारानी?"
आपल्या वाफ्यातली नाही रे,
कारखान्यातून येते.
पण तो हसला, मी हो म्हटल्यासारखा.

आता चार नंबरला तो दोनदा पाणी घालतो.
सदाफुलीला इतकं सोसत नाही, मुळं कुजतात,
हे त्याला माझ्याहून नीट ठाऊक आहे.
मी काही बोलत नाही.

सोमवारी रेवलीची पुढची बाटली.
पोस्टर शुक्रवारीच छापायला जाणार, रावपुऱ्यात.
सरांना अजून विचारलेलं नाही.
खाली उजव्या कोपऱ्यात फुलाचा फोटो होता,
गुलाबी, मधे गडद डोळा,
तो काढला.
काळ्या बोटानं जागा मोजली.
एकोणतीस मावतं.